बारा ते चारची शिफ्ट

आमच्याकडे समुद्र नाही, मग बंदर चालवायला माणसं इथून कशाला घ्यायची, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की मी उत्तर तयारच ठेवलं होतं. जहाज पाण्यात असतं, काम जमिनीवर असतं.

किनाऱ्यावर नवं बंदर उभं राहत होतं. धक्का झाला, क्रेन आल्या. पण कोणता कंटेनर आधी उचलायचा, कोणाला कुठे उभं करायचं, काम कोणाच्या शब्दावर थांबवायचं, हे ठरवणारी माणसं क्रेनबरोबर येत नाहीत. ती घडवावी लागतात. त्यांची एक तुकडी घडवायचं काम धुळ्यात माझ्याकडे आलं. त्याआधीची सगळी वर्षं मी जळगावकडच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये काढली होती, थंड कंटेनर भरून बंदराकडे धाडण्यात. आता दुसऱ्या टोकाला उभं राहायचं होतं, एवढंच.

तुकडीत शिंदखेडा, भडगाव, दोंडाईचाकडची मुलंमुली होती. यार्डाचे शिफ्टप्रमुख यांच्यातूनच नेमायचे असं ठरलेलं. मग मध्येच कानावर आलं की ती पदं बाहेरच्या एजन्सीला द्यायची, आणि आमच्यांनी तिच्या हाताखाली राबायचं. बंदराचा सल्लागार येऊन तुकडी बघणार आणि त्यावर ठरणार.

तो आला तेव्हा मुलांनी स्वतः बसवलेलं उन्हाळ्याचं ड्युटीपत्रक मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते वाचलं आणि हसायलाच लागला.

"मॅडम, बारा ते चार यार्डात कोणीच नाही? गेटवर एक पहारेकरी फक्त! अहो, जहाज वामकुक्षी घेत नाही."

चूक खास आमची होती. चैत्र-वैशाखात आमच्याकडे केळीची कापणी दहाच्या आत उरकते, आणि मग ऊन उतरेपर्यंत शेतात चिटपाखरू दिसत नाही. हे कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून पत्रकात ते कोणाला दिसलं नाही. मला तरी कुठे खटकलं होतं, मीही इथलीच.

"म्हणून म्हणतो, नियोजन एजन्सीकडे राहू दे," तो पत्रक बॅगेत सारत म्हणाला. "ही मुलं शिकतील हळूहळू."

मी हात पुढे केला. "पत्रक इकडे द्या. ज्यांनी चुकवलं तेच नीट करतील, आणि तुम्ही बसून बघाल."

"माझी गाडी उभी आहे."

"उभी राहू दे. चहा सांगितलाय."

मग जो गलका सुरू झाला तो आवरायचा मी प्रयत्नही केला नाही.

"समुद्रले दुपार नही ऱ्हास रे भाऊ!"

"पन कामगारले ऱ्हास ना! तो काय लोखंडना शे?"

दोंडाईचाची एक फटकळ मुलगी फळ्याकडे गेली. तिने लिहिलं: काम बंद नाही, पण बारा ते चार दुप्पट माणसं. एक गँग उन्हात, एक सावलीत, आलटून पालटून.

"खर्च वाढेल. खोडा ते," सल्लागार म्हणाला.

"नाही खोडणार, साहेब," ती म्हणाली. "माणूस चक्कर येऊन कंटेनरखाली गेला तर तो खर्च कुठे लिहू?"

तिच्याकडून खडू घेऊन मी खाली एक ओळ वाढवली: काम थांबवायचा अधिकार शिफ्टप्रमुखाचा. केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम नको म्हणाला तर बागेचा मालकसुद्धा मागे सरतो. बंदराच्या नियमांत मला नेमकं तेच हवं होतं.

त्या दिवसाच्या बैठकीचं इतिवृत्त बंदराच्या ऑफिसातून सहीसाठी आलं. त्यात होतं, 'शिफ्टप्रमुख, एजन्सीच्या देखरेखीखाली.' मी सही न करता परत पाठवलं. पुन्हा आलं, 'मार्गदर्शनाखाली.' तेही परत.

"नोकरीवरून काढतील," नवरा म्हणाला.

"काढू देत. केळी कुठे गेलीयेत?"

शेवटी दोन्ही शब्द गेले. पदं आमच्यांना मिळाली, आणि खालची ओळ नियमांत राहिली. पण कागदावर राहिलेली ओळ खरीच वापरता येते का, हे कळायला पुढचा उन्हाळा यावा लागला.

भर दुपारी, आता शिफ्टप्रमुख झालेल्या त्या फटकळ मुलीचा बंदरावरून फोन आला.

"आक्का, मुख्य ऑफिसना साहेबना फोन उना. दुपारले एकच गँग ठेव म्हने, जहाजले उशीर व्हई ऱ्हायना."

"मग?"

"मी 'नही' सांगी दिधं. एकच गँग तं काम बंद."

"काय म्हणाले?"

"कोनले इचारीसन 'नही' म्हनस, असं इचारं त्यास्नी. मी सांगं, कोनलेच नही. शिफ्टवर मी शे."

मी आणखी काही विचारणार होते, पण मागे क्रेनचा भोंगा वाजला, कोणीतरी तिला हाक मारली, आणि "ठेवस, आक्का, गँग बदलनी शे" म्हणून तिने फोन ठेवलाही.