आईनं कधी न ऐकलेलं नाव

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलोय. वाचायचे, बायकोला सांगायचे, दोघांनी हसायचं... बस्स. कारेगावजवळच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. मोजल्याशिवाय सही करत नाही. पण मागच्या जानेवारीत एका कागदावर न मोजता सही केली, आणि त्यामागची गोष्ट मला अजून कुणाला धड सांगता आलेली नाही.

वडील गेल्यावर पंधरा दिवसांनी मावशी मला गोठ्यामागं घेऊन गेली.

"तुला आजून एक बहीण हाय," ती म्हणाली. "दोन पोरींवर तिसरी झाली, म्हून तुझ्या बापानं दौंडला देऊन टाकली. रेल्वेतला गार्ड व्हता, त्याला मूलबाळ न्हवतं. बारशाच्या आधीच नेली. तुझ्या आईला पोरीचं नाव बी ठावं न्हाई."

थोरल्या दोघी बहिणी तेव्हा लहान होत्या. बाळ दगावलं, असंच त्यांना सांगितलेलं. त्यानंतर दोन वर्षांनी मी झालो. ज्याच्यासाठी तिला दिली तो मुलगा... म्हणजे मीच.

दौंडला रेल्वे कॉलनीतल्या जुन्या लोकांना विचारत तीन रविवार हिंडलो. चौथ्या रविवारी एका बैठ्या घराच्या दारात पन्नाशी ओलांडलेली बाई ब्लाउजला हुक लावत बसलेली दिसली. मान वाकडी करून दातानं दोरा तोडायची लकब थेट आईची. नलिनीताई. नवरा वारलेला, मूल नाही, घरातच शिवणक्लास. आपल्याला दत्तक घेतलंय हे तिला माहीत होतं. मी अडखळत सगळं सांगितलं. तिनं हातातला हुक पुरा केला आणि विचारलं, "जेवलास का?"

त्यानंतर सात महिने एक रविवार चुकवला नाही. ती माझ्यावर मोठ्या बहिणीसारखी ओरडायची, माझ्या शर्टाच्या कॉलरी उलटवून द्यायची. आणि निघताना दर वेळी एकच — "आईला कधी भेटवतोस रे?"

आई शिरूरजवळच्या आमच्या मळ्यात अंथरुणाला खिळून होती. पॅरालिसिस. दोन वर्षं तोंडातून 'हं'च्या पुढं काही नाही. मी ताईला म्हणायचो, "डॉक्टर म्हणतात, धक्का द्यायचा नाही." खोटं होतं ते. मला आईच्या नजरेची भीती वाटायची. घरात तर मी ताईचं नावही उच्चारलं नव्हतं. बायकोला सांगितलं तेही शेतात, झेंडू तोडताना. मोबाईलमध्ये नंबर होता 'दौंड टेलर' म्हणून.

त्या मंगळवारी माझी सेकंड शिफ्ट होती. आईला दूधभात भरवत होतो. अचानक तिनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं... नखं रुतली. आणि स्पष्ट, दोन वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाली, "नलिनी पडलीया. मागलं दार फोड."

वाटी खाली पडली. समोर घड्याळात अकरा पंचवीस.

"आई, काय म्हणालीस? कोण नलिनी?" तिनं डोळे मिटले. पुन्हा शब्द नाही.

ताईला फोन लावला. रिंग जात होती. पुन्हा. पुन्हा. सात महिन्यांत मी तिच्या शेजाऱ्याचा एक नंबर घेऊन ठेवला नव्हता! बाईक काढली. न्हावऱ्याला उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या. मी साइडपट्टीवरून गाडी घातली. पारगावला थांबून फोन, केडगावला थांबून फोन. रिंग जातेय... कुणी उचलत नाही. हेल्मेटमध्ये मी मोठ्यानं रडत होतो, आणि स्वतःलाच म्हणत होतो की हा वेडेपणा आहे, ताई कुठंतरी बाजारात गेली असेल.

पुढचं दार आतून बंद. ग्रिलला आतून कुलूप. मी हाका मारल्या. शेजारचे काका बाहेर आले, "काय झालं हो?" मी बोळातून मागं पळालो. तिथं पाण्याच्या पिंपाआड खरंच एक दार होतं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं. तीन लाथांत कडी निघाली.

ताई मोरीपाशी पडली होती. श्वास चालू. तोंड एका बाजूला वाकडं.

हॉस्पिटलमध्ये सीटी झाला. तरुण डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव नाही, गुठळी आहे. विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्या नेमक्या कधी पडल्या?"

"अकरा पंचवीस."

"तुम्ही तिथं होता?"

"नाही..."

"मग? हे बघा, वेळ चुकली तर मेंदूत रक्तस्राव होऊन पेशंट जाऊ शकतो. कुणी पाहिलंय का?"

कुणी पाहिलं होतं? ती पहाटेच पडली असेल तर माझ्या हातानं मी तिला मारणार होतो. एकदा तिला दिली होती, आता...

"फोनवर बोलत होतो तिच्याशी," मी म्हणालो. "बोलता बोलता पडली."

त्यांनी कागद पुढं केला. मी सही केली. पुढचे दोन तास ज्या देवांना कधी हात जोडले नव्हते त्या सगळ्यांना जोडले.

ताई वाचली. चौथ्या दिवशी जिभेला थोडं वळण आलं तेव्हा तुटक तुटक म्हणाली, "क्लासच्या मुली... सव्वाअकराला गेल्या. मी कुलूप लावलं... पाच-दहा मिनिटांत..."

मला तिच्याकडं बघवेना. कारण आदल्या दिवशी सकाळी आई गेली होती, आणि अंत्यसंस्कार उरकून मी तसाच परत ताईच्या उशाशी येऊन बसलो होतो. तिला सांगायला मला आणखी आठ दिवस लागले.

आईनं नाव आमच्या बोलण्यातून ऐकलं असेल, असं थोरली बहीण म्हणते. असेलही. पण ते दार? ती वेळ? मी खूप डोकं चालवलं, उत्तर मिळालं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर कळवा.

ताईला मात्र उत्तर नको असतं. रविवारी गेलो की ती विचारते, "कशी म्हणाली रे? तसंच म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवतो. ती डोळे मिटून ऐकते, मग मान हलवते.

"न्हाई. तू तुझ्याच आवाजात म्हणतोस."