लाल गाडी, चंदेरी गाडी आणि फडकेमामा

मामांचं खरं आडनाव फडके नव्हतं. खांद्यावर कायम पिवळं फडकं असायचं म्हणून लोक त्यांना फडकेमामा म्हणू लागले आणि पुढे टपालही त्याच नावानं यायला लागलं. एकोणीस वर्षं मामा एकाच गॅरेजात दोनच गाड्या पुसत होते. लाल इटालियन गाडी साहेबांची, चंदेरी जर्मन गाडी साहेबांच्या मेहुण्यांची. दोन्ही जुन्या, दुर्मीळ आणि लाडावलेल्या.

"दाजी, तुमची गाडी म्हणजे नुसता थाट," मेहुणे म्हणायचे. "आत बसलेला माणूस उकडून निघतो."

"आणि तुमची? चाकं लावलेला फ्रीज! जिवंत आहे की नाही, नाडी बघावी लागते."

मामा दोघांनाही "हो" म्हणायचे. हाताला सगळं ठाऊक होतं. चंदेरीच्या दारांच्या फटी चहूकडून सारख्या होत्या. लालचा डावा मडगार्ड उजव्यापेक्षा जरा गुबगुबीत होता, पण हे त्यांनी साहेबांना कधीच सांगितलं नाही. चंदेरी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. लालची चार वेळा मनधरणी करावी लागे.

शेवटी वाद मिटवायचाच असं ठरलं. गावाबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती, तिथे परवानगी काढून दोन्ही गाड्या ट्रकवरून नेल्या. साहेब ऐटीत लालमध्ये शिरायला गेले. एक पाय आत गेला, पोट मात्र स्टिअरिंगशी अडलं. मामांनी आणि ट्रकवाल्यानं त्यांना ओढून बाहेर काढलं. मेहुणे पोट धरून हसले, मग स्वतः चंदेरीत बसले. बसले ते बसलेच. गुडघ्यानं संप पुकारला होता.

"मामा, तुम्हीच चालवा," दोघं एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं हे पहिलंच एकमत.

मामांनी गाड्या गॅरेजपासून धुण्याच्या जागेपर्यंतच चालवल्या होत्या. त्यांनी दोन्ही गाड्या धावपट्टीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणल्या. दोन्हींना बरोबर नऊ मिनिटं लागली.

"अहो, मी चालत लवकर आलो असतो!" साहेब ओरडले.

"साहेब, खडे उडतात. रंगाला लागलं तर?"

ओरखडा पडला तरी कुणी ब्र काढणार नाही, असा शब्द दोघांनी दिला. मग मामांनी चंदेरी पिटाळली. काटा दोनशेवर गेला तरी आत दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटत होतं. ब्रेक दाबला, गाडी सांगितल्या जागी उभी राहिली. मग लाल निघाली. तिसऱ्या गिअरला पाठीमागून अशी गर्जना उठली की मामांचा चष्मा नाकावर नाचू लागला. घरात कधी आवाज न चढवलेला हा माणूस तोंड उघडून ओरडायला लागला. गाडी धावपट्टी ओलांडून गवतात थांबली. साहेब धावत पोचले, तर मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून खदाखदा हसत होते.

"माझी सात सेकंदांनी जिंकली!" मागून लंगडत आलेले मेहुणे घड्याळ नाचवत म्हणाले.

"जिंकली, दादा," मामा डोळे पुसत म्हणाले. "तीच चांगली आहे. यात वादच नाही." आणि लालमधून काही उतरेनात.

घरी मामींनी विचारलं, "अहो, घसा का बसलाय?"

मामांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे चंदेरी चांगली."

"हो."

"आणि जीव जडला लालवर."

मामा नखं बघत बसले. "एवढं काय आहे तिच्यात," मामी म्हणाल्या, "ते मलाही बघायचंय."

साहेबांनी आनंदानं होकार दिला. पुढच्या रविवारी धावपट्टीवर मामी पदर खोचून लालमध्ये मामांशेजारी बसल्या. फेरी मारून आल्या तेव्हा अंबाडा सुटून केस चारी दिशांना गेले होते. मेहुणे मोठ्या आशेनं पुढे झाले. "वहिनी, आता आमची बघता ना?"

"बघू की," मामी दार घट्ट धरून म्हणाल्या. "पण आधी हिच्यातूनच अजून एकदा."