बिब्ब्याचा डाग

मंगळवारी दादाला दवाखान्यातून सुटी मिळाली आणि त्याला आम्ही इथंच, अकोल्याला, माझ्या घरी आणलं. दिवसभर हॉलमधल्या दिवाणावर पाय उशीवर ठेवून पडलेला असतो... आणि त्याच्याकडे बघून मला आमच्या सगळ्यांचाच राग येतो. म्हणून लिहायला बसले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शेतात तो झेंडू आणि वांगी लावतो. पाणी सोडलं की काळ्या मातीत चप्पल रुतून बसते, त्यामुळे त्याची चप्पल कायम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि पाय कायम चिखलात.

गेल्या वर्षी त्याच्या टाचेवर एक काळा ठिपका दिसला. काटा मोडला असेल म्हणून वहिनीनं बिब्बा गरम करून लावला. आमच्याकडे काटा असो की भेग, आधी बिब्बाच.

बिब्ब्यानं काळा डाग पडतोच, त्या डागात तो ठिपका मिसळून गेला. डाग जाईना म्हणून वहिनीनं पुन्हा बिब्बा लावला. मग तो वाढत गेला तरी कुणाला काही वाटलं नाही... दुखत तर नव्हतंच, आणि दुखल्याशिवाय दवाखान्यात जाईल तो आमचा दादा कसला!

दिवाळीत भाऊबीजेला तो वहिनीला घेऊन आमच्याकडे आला होता. माझी मुलगी श्रुती अमरावतीला नर्सिंग शिकते, तीही सुटीवर आलेली. मामा पलंगावर पाय पसरून बसला तसं तिचं लक्ष टाचेकडे गेलं.

"मामा, तो पाय दाखव बरं मले," असं म्हणून तिनं हात पुढे केला. दादानं विंचू चावल्यासारखा पाय मागे ओढला.

आता हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागेल. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पाया पडतो. भाचीचा हात मामाच्या पायाला लागणं म्हणजे मामाला पाप.

"काहून पाप लावून राहिली मले, माय?" दादा म्हणाला. आणि उठून उलट तिच्याच पाया पडला.

आम्ही पोट धरून हसलो. श्रुती मात्र हसली नाही. "बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर निघून जाते, हा काहून वाढून राहिला?" असं तिनं दोनदा विचारलं. वहिनी म्हणाली, "चिखलात राह्यते ना पाय..." आणि मी सगळ्यांना जेवायला वाढलं. विषय तिथंच संपला.

मग उन्हाळ्यात एका सकाळी झेंडूची पोती अकोल्याच्या बाजारात उतरवून तो चहाला घरी आला. चहा घेऊन निघाला तेव्हा माझ्या पांढऱ्या फरशीवर त्याच्या पावलाबरोबर रक्ताचे ठसे उमटत होते. त्याला पत्ताच नव्हता.

श्रुती त्या दिवशी घरीच होती. तिनं काही विचारलं नाही... खाली बसली आणि दोन्ही हातांनी त्याचा पाय घट्ट धरला. "सोड, सोड म्हणतो ना!" दादा ओरडत होता. ती म्हणाली, "पाप लागू दे मामा, मी नाई सोडत."

तिनं बादलीतल्या पाण्यानं टाच धुतली आणि उजेडाकडे वळवून बघितली. डागाची कड वेडीवाकडी, कुठं काळा, कुठं तपकिरी, एका बाजूला निळसर, आणि मधोमध ओलं. जांघेत गाठ लागते का, असं तिनं हळूच विचारलं. "अवधाण असन ते, काट्याचं," दादा म्हणाला. पायात काटा मोडला की जांघेत गाठ येते, तिला आमच्याकडे अवधाण म्हणतात.

अवधाण नव्हतं ते. दवाखान्यात डागाचा तुकडा तपासायला दिला आणि कळलं की त्वचेचा कॅन्सर आहे. मेलानोमा म्हणतात त्याला.

मी डॉक्टरांशी चक्क वाद घातला. हा तर गोऱ्या लोकांचा आजार, उन्हात कातडी भाजणाऱ्यांचा, नाहीतर रंग सावळा करायला त्या दिव्यांच्या मशिनमध्ये झोपणाऱ्यांचा... माझ्या भावाच्या टाचेला तर कधी ऊन लागलं नाही! डॉक्टर म्हणाले, ताई, आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तो बरेचदा तिथंच निघतो. तळपायावर, तळहातावर, नखाखाली. उन्हाचा तिथं फारसा संबंध नसतो.

बिब्ब्यानं कॅन्सर झाला असं ते म्हणाले नाहीत. बिब्ब्यामुळे तो आम्हाला दिसला नाही, एवढंच. वहिनीला मी हे दहा वेळा सांगितलं, तरी ती रडायची थांबत नाही.

नागपूरला ऑपरेशन झालं. टाचेचा बराच भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली, जांघेतल्या गाठीही काढल्या. गाठीत आजार पोचला होता. पुढची औषधं सुरू व्हायची आहेत, आणि ती किती लागू पडतील ते आज कुणीच सांगत नाही.

काल श्रुती पट्टी बदलत होती. दादा छताकडे बघत म्हणाला, "दिवाळीलेच तुयं आयकाले पायजे होतं, माय." तिनं पट्टीचा पुढचा वेढा घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

नागपूरहून निघताना मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं होतं, दिवाळीतच आणलं असतं तर? त्यांनी औषधं कधी सुरू करायची ते सांगायला घेतलं... मीही परत विचारलं नाही.

आज घरी गेलात की आई-वडिलांचे, भावाचे, बायकोचे तळपाय धुऊन उजेडात बघा. डाग असेल, वाढत असेल, रंग बदलत असेल तर कातडीच्या डॉक्टरांकडे न्या. ते हसतील, लाजतील, पाय मागे ओढतील...

सोडू नका.