कालचाच आकडा

सकाळी सातला माझा फोन वाजतो तो दिगूचाच असतो. म्हणजे, असायचा. दिगंबर, माझा धाकटा भाऊ. तो अमडापूरला, मी इथे चिखलीत. त्या दिवशीही बोटाला सुई टोचून, साखर मोजून मी तयारच बसले होते. फोनवर नाव त्याचंच आलं. नेहमीसारखं हॅलोबिलो न म्हणता मी सांगून टाकलं, "एकशे अडतीस." पलीकडून कुणी हसलं नाही, की "काऊन वं अक्का, उपाशी झोपली का?" असंही विचारलं नाही. नुसता श्वास ऐकू आला... आणि मग त्याच्या सुनेचा, वैशालीचा आवाज. "आत्या, बाबा उठून नाही राह्यले."

दीड महिना झाला त्याला. सात वाजतातच की रोज.

आम्हा दोघांनाही साखर. आईकडून आली म्हणा. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं जे काय ते वाचून वाचून. दिगू मात्र शाळेत गणित शिकवायचा. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात, हा संगणकासमोर बसला. एपीएल नावाची संगणकाची एक भाषा स्वतःच शिकला. त्यात शब्द थोडे, चिन्हंच फार, आणि एकेक चिन्ह आकड्यांची अख्खी रांग हलवणारं. ती चिन्हं बटणांवर नव्हती, म्हणून यानं कागदाचे बारके तुकडे कापले, शाईच्या पेनानं चिन्हं काढली आणि चिकटपट्टीनं एकेका बटणावर डकवली. मी म्हटलं, "काय बे दिगू, हे काय मुंग्यायचं बाराखडीचं पुस्तक आहे का?" तर म्हणे, "अक्का, तुले येईल हे. तोरण ओवता येते ना तुले?"

त्याचं शिकवणं असं असायचं. आमच्या दोघांच्या साखरेच्या त्यानं दोन रांगा केल्या होत्या, एक अक्काची, एक दिगूची. एका चिन्हानं त्या एकीखाली एक ठेवायच्या. दुसऱ्यानं तो तक्ता फिरवून आडव्याचा उभा करायचा, की एकेका दिवसाची बहीणभावाची जोडी होते. मग स्वल्पविराम द्यायचा, की सगळं सपाट, एकच लांब माळ. "एक झेंडू, एक आंब्याचं पान," तो म्हणायचा. "ओवून झालं, की दोन टोपल्या राह्यत नाहीत."

त्या माळेनंच घोटाळा केला. एकदा ती छापून घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला. एकशे चाळीस, दोनशे दहा, एकशे सदतीस, दोनशे पाच... "आजी, एक दिवस पथ्य आणि एक दिवस लग्नाची पंगत, असं चाललंय का तुमचं?" त्यातली पंगत दिगूची होती हे त्यांना कसं सांगू? दिगूनं मात्र ही गोष्ट पुतणीच्या लग्नात मांडवभर सांगितली. सगळे हसले. मला लागलं. का, ते आज सांगता येणार नाही. आमचे हे गेल्यापासून घरात एकटी असते, कुणी हसलं की लवकर लागतं, एवढंच. अकरा दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. बाराव्या दिवशी उचलला आणि आकडा सांगितला. त्यानंही काही काढलं नाही. "जिलबी दाबली वाटते काल," एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर तेच अकरा दिवस येऊन समोर बसले. रोज एक फोन, तोही मोजका मिळणारा, आणि मी अकरा फेकून दिले. तेरवीनंतर वैशाली म्हणाली, "आत्या, हे मशीन तुमीच घेऊन जा. आमाले त्यातलं काही समजत नाही." मी आणलं. रांगा उघडल्या. म्हटलं, पाहावं तरी, माझ्या त्या जागी यानं काय ठेवलं होतं.

एकशे बेचाळीस. एकशे बेचाळीस. एकशे बेचाळीस... अकरा वेळा.

वरती त्यानं एक ओळ लिहून ठेवली होती. त्या भाषेत दिव्यासारखं दिसणारं एक चिन्ह आहे. त्याच्या पुढचं मशीन वाचत नाही, माणसानं वाचायचं असतं. दिव्यापुढे लिहिलं होतं: 'अक्का रुसली. कालचाच आकडा.'

बाजूला ठेवलेला चहा निवला.

आता रोज सकाळी माझा आकडा मीच घालते, एका बोटानं. माझी रांग वाढते, त्याची तिथेच थांबली. ओवायला घेतलं, की कमी पडलेल्या जागी ही भाषा आपल्या मनानं शून्य भरते. एकशे एकेचाळीस, शून्य. एकशे एकोणचाळीस, शून्य. पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, त्यानं माझ्यासाठी केलं तसं आपणही करावं, त्याचा शेवटचा आकडा पुढे पुढे लिहीत जावा. दोनशे सहा होता. दोन दिवस लिहिलाही. मग पुसला. त्यानं कालचाच आकडा लिहिला, कारण मी परत बोलणार हे त्याला ठाऊक होतं.

स्वल्पविरामाच्या बटणावरच तो दिवाही आहे. तिथल्या कागदाचा एक कोपरा सुटलाय, शाई थोडी पसरलीय. नवा कागद मी लावत नाही. आज सकाळी सातला आकडा घातला, एकशे एकोणसाठ. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून दिव्यापुढे आपणच लिहिलं:

'काल दोन जिलब्या खाल्ल्या, दिगू.'