पोपट नव्हे, कचरा

धुळ्याच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथे कार्यक्रम कुठलाही असो, माईक माझ्याकडे येतो. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातही आला. दीपप्रज्वलन झालं आणि संस्थेचे सचिव मागून येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "नाना गेले. आधी श्रद्धांजली घ्या."

संस्थेत नाना दोघे. एक माजी अध्यक्ष, दुसरे जुने संचालक. माजी अध्यक्ष बरेच महिने आजारी होते, म्हणून मी विचारलं, "अध्यक्ष नाना?"

सचिवांनी होकारार्थी मान हलवली. मी माजी अध्यक्षांच्या नावाआधी कैलासवासी लावलं, त्यांच्या कार्याबद्दल चार वाक्यं बोलले आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.

सभागृह उभं राहिलं. दुसऱ्या रांगेत माजी अध्यक्षही काठी टेकत उभे राहिले. मुलीसोबत ते कधी येऊन बसले, ते डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यांमुळे मला दिसलं नव्हतं. त्यांना कमी ऐकू येतं. सगळे उठले म्हणून तेही उठले. गेले होते ते दुसरे नाना.

हसू मागच्या रांगांतून सुरू झालं. आत्ताचे अध्यक्ष उठले, माझ्या हातातला माईक घेतला आणि त्यावरच म्हणाले, "बाई, जिवंत माणूस समोर बसलाय, दिसत नाही? झोपेत पगार घेता का?" पुढे आणखी बरंच. पालक ऐकत होते, मुलं ऐकत होती, मोबाइल वर धरलेले होते. सचिव पडद्याची दोरी बघत होते.

मला राग आला नाही, रडूही आलं नाही. चपलेचा अंगठा सैल झालाय, एवढंच जाणवत होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सर डबा उघडत म्हणाले, "अध्यक्षांनी बिनपाण्याने केली हो तुमची."

"छे, पचका झाला नुसता," शेजारच्या बाई म्हणाल्या. "चार दिवसांत विसरतील."

नवरा नोकरीसाठी जळगावला असतो. त्याचा फोन आला. "इज्जतीचा पार फालुदा झाला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही आलाय व्हिडिओ."

मी विचारलं, "शनिवारी येताय ना?"

नववीच्या वर्गात गेले तर फळ्यावर कुणीतरी पोपट काढून ठेवलेला. चोच छान जमली होती. मी पुसायला लागले, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते चुकलंय. तुमचा पोपट नाही झाला."

"मग?"

"पोपट आपला आपण होतो. एसटी थांबेल म्हणून हात केला आणि ती निघून गेली, तसा. तुमचा कचरा केला. कचरा दुसऱ्याने करावा लागतो."

"आणि पचका?"

"तो लहान असतो. त्याचा व्हिडिओ नाही निघत."

वर्गात कुणी हसलं नाही. तिचं बरोबर आहे, असं मी म्हणाले आणि धडा उघडायला सांगितलं.

रविवारी मी माजी अध्यक्षांकडे गेले. माफी मागायची होती. त्यांच्या मुलीने चहा आणला. नाना गेल्याचं ऐकून भडगावहून त्यांची भाची रडतच येऊन गेली होती, तिला जेवायला घालून परत पाठवलं, असं मुलीने सांगितलं. नाना हसून अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा गावले माहीत शे आते, मी जित्ता शे." मग कान माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, "माझं नाव घ्यायला कुणी सांगितलं?"

मी मोठ्याने सचिवांचं सांगितलं.

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"माहीत नाही, नाना."

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं आणि आम्ही दोघंही त्या कपाकडे बघत राहिलो.

पुढच्या कार्यक्रमाला माईक दुसऱ्या बाईंकडे गेला. त्यानंतरच्या वेळी त्यांचा घसा बसला, म्हणून सचिवांनी मला बोलावलं. मी सगळ्यांची नावं नीट घेतली. टाळ्या पडल्या, त्या शेजारच्या इमारतीत पडाव्यात तशा ऐकू आल्या. खाली उतरले तेव्हा सचिव म्हणाले, "छान झालं, मॅडम." मी हो म्हटलं आणि पर्स घेऊन रिक्षा बघायला बाहेर आले.