वरचा मजला, एकट्या बाईसाठी

तिलकवतीचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि त्याला तिची नोकरी कारण होती. ऐन तारुण्यापासून केस पिकेपर्यंत ती मद्रासच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसली. नंबर जोडून द्यायचा, लाइन नीट लागली का ते क्षणभर ऐकायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. पण त्या क्षणभरातच माणसं उघडी पडत. ‘ऑफिसातून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या मागे लग्नाचं नादस्वरम वाजत असे. ‘सगळं छान चाललंय’ म्हणणारी पोर आवंढा गिळत असे. लग्न तिनं केलं नाही. बघायला आलेल्या दोन्ही मुलांचा आवाज तिला पटला नव्हता.

निवृत्त झाल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती, शांतता. ट्रिप्लिकेनमधल्या तिच्या खोलीखाली पत्र्याचे डबे ठोकायचा कारखाना होता. दिवसभर तिथे ठोकाठोक आणि कामावर गेलं की कानात लोकांची बडबड, यातच जन्म गेला होता. आता शहराबाहेर कुठे तरी, कुणाचा आवाज येणार नाही अशा जागी भाड्यानं राहायचं तिनं ठरवलं.

घरं पुष्कळ पाहिली. पम्मलला घर चांगलं होतं, पण मालकाचा मुलगा मृदंग शिकत होता, आणि मालक म्हणत होता की आमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते. क्रोमपेटला मालकीणबाईंनी कॉफी दिली, मुरुक्कू दिला आणि मग गोड आवाजात विचारलं, “तुमचं कुलदैवत कोणतं?” जात विचारायची ती पद्धत तिलकवतीला पाठ होती. तिनं कॉफी संपवली आणि उठली.

शेवटी दलालानं पेरुंगळत्तूरचं घर दाखवलं. बसथांब्यापासून आत, टेकडीच्या बाजूला एक बोळ, त्याच्या टोकाला दुमजली घर. खाली मालक शिवज्ञानम, निवृत्त शाळामास्तर, अंगानं वाळलेले. वरचा मजला रिकामा. वारा होता, कडुनिंब होता, आणि आवाज म्हणाल तर काहीच नव्हता. तिलकवती गच्चीत उभी राहिली आणि तिला वाटलं, झालं, मिळालं.

मग मास्तर बोलायला लागले आणि तिचे कान टवकारले. बाकीचे मालक दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. हे म्हणाले, दोन महिन्यांचं द्या, तेही सवडीनं. भाडंही कमी. पण प्रश्न मात्र भलतेच. तुमच्याकडे कोण कोण येतं? सेलमकडे कुणी नातेवाईक? झोप सावध आहे का? तिलकवतीनं विचारलं की घरात आणखी कोण असतं. मास्तरांनी आधी श्वास घेतला आणि म्हणाले, “मीच एकटा. बायको जाऊन वर्षं झाली.”

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. मास्तर जागचे हलले नाहीत. फोन वाजत राहिला, दमला, थांबला. मास्तरांनी तो ऐकलाच नाही असं दाखवलं. वाजता फोन न उचलणारा माणूस तिलकवतीनं आयुष्यात पाहिला नव्हता. विचार करून सांगते म्हणून ती निघाली.

समोरच्या घरातली कस्तूरी जिन्यावर तांदूळ निवडत होती. आधीचे भाडेकरू का गेले, असं तिलकवतीनं सहज विचारावं तसं विचारलं. कस्तूरी म्हणाली, बँकेतलं जोडपं होतं, बदली झाली. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, बाईंना इथलं पाणी मानवलं नाही. दोघांनीही मास्तरांचे तोंडभरून गुण गायले आणि लगेच आपापल्या कामात डोकं घातलं.

दुसरी एखादी असती तर तिनं ते घर सोडून दिलं असतं. तिलकवतीला ते जमेना. दोन दिवसांनी ती सकाळी लवकरच त्या बोळात पुन्हा आली. मास्तरांच्या दारात सडा होता आणि त्यावर कोलमची रांगोळी. ठिपक्यांभोवती न तुटता फिरलेली रेघ, कोपऱ्यात कमळं. हे म्हाताऱ्या मास्तराच्या हातचं नव्हतं. समोर कस्तूरीच्या दारात चार रेघोट्या कशाबशा ओढल्या होत्या, तेव्हा शेजारधर्म म्हणून तिनं काढलं असेल तर तेही नाही. घरात बाई होती. तिला लपवून ठेवलं होतं. का, ते तिलकवतीला कळेना, आणि जे जे मनात येत होतं ते चांगलं नव्हतं.

ती त्यानंतरही एकदा आली. कोपऱ्यावर बसची वाट पाहत असल्यासारखी उभी राहिली आणि घराकडे बघत राहिली. एक बस गेली, दुसरी गेली. समोरची खिडकी उघडली आणि मिटली. थोड्या वेळानं शिवज्ञानम मास्तर बोळातून चालत आले. सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत गेली होती.

“किती दिले त्यानं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“कुणी?”

“उगाच वेड पांघरू नका. दुरैराजनं. हे तिसऱ्यांदा आलात. कस्तूरीनं पाहिलंय सगळं.”

तिलकवतीला राग आला. “कोण दुरैराज? मी घर बघायला आले होते. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात म्हणून परत आले.”

“मी काय खोटं बोललो?”

“घरात बाई आहे. तुमच्या दारातला कोलम कोण काढतं, मास्तर?”

मास्तर दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदारानं आतून पाण्याचा लोटा आणून दिला आणि तिलकवतीकडे असं बघितलं, की तिच्या ध्यानात आलं, याला सगळं ठाऊक आहे. साऱ्या बोळालाच ठाऊक आहे.

मग मास्तर तिला घरी घेऊन गेले. लपवलेली बाई त्यांची मुलगी होती, पूंगोडी. तिशीतली, सावळी, ताकाचे पेले घेऊन आली तीच मान वाकडी करून. बोलणाऱ्याकडे ती उजवा कान वळवत होती. डाव्यानं ऐकू येत नव्हतं. नवऱ्यानं, या दुरैराजनं, ताटावरून उठवून मारलं होतं तेव्हापासून. पोंगलच्या गर्दीत ती सेलमहून बसनं निघून आली होती. बापानं तिच्यासाठी गाव सोडलं, नात्यात कुणाला पत्ता दिला नाही आणि वारलेल्या भावाच्या या रिकाम्या घरात तिला आणून ठेवलं. तरी नवऱ्याला इथला फोन नंबर मिळाला. तो फोन करतो, म्हणून उचलायचा नाही. बँकेतल्या जोडप्यानंच नंबर फोडला असणार, म्हणून मास्तरांनी त्यांना घर सोडायला सांगितलं होतं. आता वर अशी बाई हवी होती, जिच्याकडे माणसांची ये-जा नाही आणि जिची झोप सावध आहे.

तिलकवतीनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं निम्मंच खरं मानलं. एका बाजूचं ऐकून तिनं कधी मत बनवलं नव्हतं. पुन्हा फोन आला तर मला उचलू द्या, असं ती म्हणाली. मास्तरांना ते पसंत नव्हतं. पण फोन वाजला तेव्हा ती त्यांच्या आधी उठली होती.

तिनं रिसीव्हर कानाला लावला आणि गप्प राहिली. पलीकडे पंख्याची घरघर होती. घाईत नसलेला श्वास होता. मग एक पुरुष अगदी मायेनं बोलला, “पूंगोडी? तूच ना गं? दुसरा कान बरा आहे ना अजून?”

आणि तो हसला. थोडंसंच, एखाद्या जुन्या गमतीवर हसावं तसं.

तिलकवतीनं फोन ठेवला. हजारो आवाज तिच्या कानांवरून गेले होते. शिव्या देणारे होते, रडणारे होते. हा त्यांतला नव्हता.

“मी घर घेते,” ती म्हणाली. “पण तुम्ही असे लपून बसणार असाल तर नाही. उद्या महिला पोलीस ठाण्यात जायचं.”

मास्तर अब्रूचं बोलू लागले. गावात काय तोंड दाखवू, मुलीचं नाव कागदावर चढेल. तिलकवती त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं पूंगोडीच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, “तुझं काय म्हणणं?”

“जाऊ या अक्का,” पूंगोडी म्हणाली. “इथे खिडकीलासुद्धा उभं राहता येत नाही मला.”

ठाण्यात इन्स्पेक्टरबाईंनी तिलकवतीला विचारलं, तुम्ही हिच्या कोण? भाडेकरू, असं ती म्हणाली तेव्हा तिथल्या शिपाई बायका एकमेकींकडे बघून हसल्या. तक्रार मात्र लिहून घेतली. दुरैराजला बोलावणं गेलं. तो पांढऱ्या कपड्यांत, दोन वडीलधारी माणसं घेऊन आला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि फोन मी केलाच नाही असं म्हणाला. तिलकवतीनं त्याचा आवाज तिथल्या तिथे ओळखला आणि फोनवरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो प्रथमच गडबडला. पुढे कोर्टात बरीच वर्षं गेली, पण पूंगोडी सुटली.

तिलकवती वर राहायला आली. एका संध्याकाळी पूंगोडी गच्चीत कपडे काढायला आली आणि वाळलेली साडी हातात तशीच धरून उभी राहिली. बँकेतल्या त्या लोकांनी नंबर दिला नव्हता, असं ती म्हणाली. घरात कुणी नसताना तिनंच सुरुवातीला एकदा सेलमला फोन लावला होता. त्याला पश्चात्ताप झालाय का, हे तिला ऐकायचं होतं. तो नंबर विचारत राहिला आणि तिनं दिला.

“मला वाटलंच होतं,” तिलकवती म्हणाली. “माणसाकडून कळलं असतं तर त्याला पत्ताही कळला असता. नुसता नंबर कळला, म्हणजे तो फोनवरच दिला गेला.”

“मग पोलिसांना का नाही सांगितलं?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“अप्पांना सांगू?”

तिलकवतीनं विचार केला. त्या जोडप्याला विनाकारण घर सोडावं लागलं होतं, हे तिला टोचत होतं. “सांग,” ती म्हणाली. “मी खाली येते तुझ्याबरोबर.”

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या रविवारी कडक इस्त्रीचा सदरा घालून ते बँकवाल्यांचं नवं घर शोधत गेले. परत आल्यावर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दोघींपैकी कुणी विचारलंही नाही. पूंगोडी पुढे टेकडीखालच्या बालवाडीत शिकवायला लागली. संध्याकाळी ती खिडकी उघडी टाकून वह्या तपासत बसते, आणि शेजारची मुलं खाली ओरडत खेळतात. तिलकवती वरून त्यांना गप्प बसा म्हणून सांगते. ती ऐकत नाहीत.