भेगेतली माती

आमची विहीर खोदणारा सुरुंगवाला दुसऱ्या महायुद्धात इराणच्या तेलविहिरींवर पहारा देऊन आला होता. बोटाला लागलेली माती जिभेवर ठेवून बघायची त्याला खोड होती. "भेग तेल अडवती आन् भेगच सोडती," तो म्हणायचा. "चिकणमाती बसली तर बूच, न्हाईतर गळती." आम्ही हसायचो.

त्या दिवशी तळाच्या भेगेशी सुरुंग ठासून, वात पेटवून तो वर आला. आम्ही बांधाआड दडलो. सवयीनं त्यानं नखात अडकलेली भेगेतली माती चाखली. ती किरकिरली नाही, जिभेला चिकटली; चिकणमातीच, भेगेचं बूच. त्याचा चेहराच उतरला. भेगेपलीकडं, पन्नास पावलांवर, गावाची पिण्याची विहीर होती.

"आवं, थांबा!" मी ओरडलो. तो उतरलाही होता. खालून वातीची फुसफुस येत होती. मग ती थांबली.

उपटलेली वात भाजलेल्या मुठीत धरून तो वर आला.

"भेग फुटली तर पानी तुमच्या हिरीत यील," तो वडिलांना म्हणाला. "पर ते गावचं."

"मग फोड की!" वडील म्हणाले.

त्यानं पहार उचलली आणि काम सोडून निघून गेला.

आमच्या विहिरीला पाणी लागलंच नाही. वडील त्याला जन्मभर शिव्या देत राहिले, गावच्या विहिरीचं पाणी पिऊन.